सल्ला सदर: ‘५ फूट १ इंच, ७२ किलो… मला कोणतं मार्शल आर्ट सूट होईल?’

प्रश्न थोडक्यात: पत्र पाठवणाऱ्या ताई ३६ वर्षांच्या, डोंबिवलीला राहतात, रोज लोकलने ऑफिस. उंची ५ फूट १ इंच, वजन ७२, थायरॉइडची गोळी चालू, जिना उतरताना डावा गुडघा दुखतो. ११ वर्षांच्या मुलीला कराटे क्लासला घालायला गेल्या आणि सहज म्हणून स्वतःसाठी पण विचारलं, तर सर म्हणाले “मॅडम, तुमचा बॉडी टाइप कराटेचा नाही, तुम्ही झुंबा करा.” घरी येऊन त्यांनी एक ऑनलाइन टेस्ट केली, त्यात त्या निघाल्या ‘एंडोमॉर्फ’ (जाडसर बांध्याच्या) म्हणून ज्युदो किंवा सुमो, आणि उंच बारीक मुलगी निघाली ‘एक्टोमॉर्फ’ म्हणून तायक्वांदो. भाऊ म्हणतो ब्राझिलियन जिउ-जित्सू कर, ऑफिसातली मैत्रीण म्हणते क्राव मागा. त्यांना हवंय वजन कमी, ट्रेनमध्ये कोणी अंगचटीला आला तर काहीतरी करता येणं, आणि कॉन्फिडन्स. शेवटी जाता जाता त्यांनी लिहिलंय, “लहानपणी बाबांबरोबर सांगलीकडच्या जत्रेतल्या कुस्त्या बघायचे, कोण आता पट काढणार (पाय धरून पाडणार) ते मला आधी कळायचं. पण ते काय आता जमण्यातलं नाही.” प्रश्न असा की त्यांच्या शरीराला नक्की काय सूट होईल, आणि मुलीला तायक्वांदोला घालणं बरोबर आहे का.

---

ताई, आधी त्या झुंबावाल्या सरांचं बघू.

झुंबा वाईट नाही, माझ्या कितीतरी मैत्रिणी करतात. पण तुम्ही विचारायला गेलात कराटेचं, आणि समोरच्याने तुमचा गुडघा कुठे दुखतो, आधी काही खेळलात का, कशासाठी शिकायचंय, यातलं एकही न विचारता वरून खालपर्यंत बघून निकाल दिला. असा माणूस शिकवताना पण तेच करणार. त्यामुळे तो क्लास यादीतून कट. कराटे मात्र कट नाही हां, कारण कराटे म्हणजे डोक्याच्या उंचीची किक हे जे सगळ्यांच्या मनात बसलंय ते बरंचसं टूर्नामेंट आणि सिनेमामुळे. ओकिनावातल्या (जपानचं बेट, कराटे मूळचं तिथलंच) जुन्या कराटेत लाथा जास्त करून कमरेच्या खालीच मारतात, आणि गोजू-र्यू सारख्या स्टाइलमध्ये तर जवळ जाऊन, आखूड स्टान्समध्ये (पाय जवळ ठेवून उभं राहून) काम चालतं. उलट शोतोकान स्टाइलचे लांब, खोल स्टान्स तुमच्या त्या गुडघ्याला सुरुवातीला जड जातील. म्हणजे एकाच कराटेत तुम्हाला सोपं जाणारं पण आहे आणि त्रासाचं पण आहे, आणि सरांनी सगळं एका वाक्यात उडवून लावलं.

आता ती टेस्ट. एंडोमॉर्फ (जाडसर), मेसोमॉर्फ (पिळदार), एक्टोमॉर्फ (बारीक) हे प्रकार १९४० च्या दशकात विल्यम शेल्डन नावाच्या अमेरिकन सायकॉलॉजिस्टने काढले, कॉलेजच्या मुलांचे फोटो काढून. आणि त्याला त्यातून खेळ नव्हता ठरवायचा, त्याला माणसाचा स्वभाव ठरवायचा होता! जाडा माणूस आरामप्रिय आणि खाण्याचा शौकीन, बारीक माणूस लाजाळू, असलं काहीतरी. स्वभावाचा तो भाग शास्त्रज्ञांनी कधीच सोडून दिला, नावं मात्र जिमवाल्यांनी आणि असल्या टेस्टवाल्यांनी जिवंत ठेवलीत. खेळाच्या अभ्यासात आज त्याचं जे सुधारलेलं रूप वापरतात त्यात प्रत्येक माणसाला तिन्हीचे वेगवेगळे आकडे मिळतात, कोणीच शंभर टक्के एका खणात बसत नाही, आणि वर्षभर नीट ट्रेनिंग केलं की ते आकडेही बदलतात. तुम्ही दहा प्रश्नांची उत्तरं देऊन जे मिळवलंत ते फारतर आजचं माप आहे.

पण मी असं पण म्हणणार नाही की शरीराने काहीच फरक पडत नाही. पडतो. ज्युदोवाले एकेकाळी म्हणायचे, टेक्निक असेल तर वजनाचं काय घेऊन बसलात, आणि सुरुवातीच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये वजनगटच नव्हते. मग १९६१ साली पॅरिसला अँटन गेसिंक नावाचा जवळपास साडेसहा फुटी डच माणूस वर्ल्ड चॅम्पियन झाला आणि १९६४ ला टोकियो ऑलिंपिकमध्ये ओपन गटाच्या फायनलला त्याने जपानच्या कामिनागाला त्यांच्याच घरात हरवलं. टेक्निक दोघांकडे असेल तर मोठं शरीर जड जातं, म्हणून तर वजनगट असतात. तायक्वांदोत डोक्याला बसलेल्या किकला अंगावरच्या किकपेक्षा जास्त पॉइंट मिळतात, त्यामुळे आपल्या वजनगटात जो उंच आणि लांब पायाचा त्याला फायदा, हे पण खरंच. पण ताई, हे सगळं मेडलच्या लेव्हलचं गणित आहे. आठवड्यातून तीन संध्याकाळी क्लासला जाणाऱ्या माणसाला ते लावायचं कारण नाही, तिथे तुमच्या समोर गेसिंक येणार नाहीये, तुमच्यासारखीच ऑफिसमधून धावत आलेली कोणीतरी येणार आहे.

मी स्वतः ज्युदोवाली, त्यामुळे माझी उदाहरणं तिकडचीच जास्त येतील, समजून घ्या. २०२२ च्या बर्मिंगहॅम कॉमनवेल्थमध्ये भारताच्या दोन मुलींनी ज्युदोत सिल्व्हर आणलं. एक सुशीला लिकमाबम, ४८ किलो गट. दुसरी तुलिका मान, ७८ किलोच्या वरचा गट. एकच खेळ, एकच मॅट, आणि दोघींच्या वजनात तीस किलोहून जास्त फरक. आता सांगा, ज्युदोचा बॉडी टाइप कोणता?

माझं म्हणणं एवढंच आहे की शरीर कला निवडत नाही, शरीर त्या कलेतले तुमचे डाव निवडतं. १८८२ साली ज्युदो सुरू करणारे जिगोरो कानो स्वतः ५ फूट २ इंचाच्या आसपास, लहानपणी अंगाने किरकोळ, शाळेत मोठी पोरं त्रास द्यायची म्हणून जुजुत्सु (जपानची जुनी झटापटीची कला) शिकायला गेले. तिथे एक आडदांड सोबती होता, तो काही केल्या पडेना. कानोंनी सुमोचे डाव करून बघितले, नाही जमलं, मग लायब्ररीत बसून पाश्चात्त्य कुस्तीची पुस्तकं चाळली आणि त्यातून एक डाव उचलला, समोरच्याच्या खाली घुसायचं, त्याला आडवा खांद्यावर घ्यायचं आणि पलीकडे टाकायचं. काता-गुरुमा म्हणतात त्याला. म्हणजे त्यांनी बुटका माणूस म्हणून खेळ नाही बदलला, बुटक्या माणसाला जमेल असा डाव शोधला. उंच ज्युदोकाला मांडीत पाय घालून उडवणारे डाव सोपे जातात, बुटक्याला खांद्यावरून टाकायचे, कारण तो आधीच खाली असतो, त्याला समोरच्याच्या कमरेखाली जायला वेगळं वाकावं लागत नाही. आपल्याकडचा धोबीपछाड आठवतोय ना तुम्हाला? जवळपास तेच.

बॉक्सिंगचं पण तसंच. लांब हाताचा लांबून जॅब (झटपट सरळ ठोसा) मारत राहतो, आखूड हाताचा डोकं हलवत आत शिरतो आणि बरगड्यांवर काम करतो. माइक टायसन हेवीवेटमध्ये बऱ्याच जणांपेक्षा बुटका होता, आणि त्याची सगळी स्टाइल आत शिरण्यावरच बांधलेली.

मग निवडायचं कशावरून? मला विचाराल तर बॉडी टाइपच्या टेस्टपेक्षा एक प्रश्न जास्त कामाचा आहे. तुम्हाला जास्त नकोसं काय वाटतं, तोंडावर येणारा ठोसा, की अंगावर पडलेलं घामाघूम माणूस? हसू नका, खरंच विचार करा. काही जणांना मार खायला चालतो पण कोणी चिकटलेलं अजिबात सहन होत नाही, त्यांनी बॉक्सिंग, मुए थाई (थायलंडचं किकबॉक्सिंग), कराटे, तायक्वांदो बघावं. काहींना उलट, कोणी हात उगारला की डोळे मिटतात पण कुस्तीच्या मिठीत शांत राहता येतं, त्यांना ज्युदो, जिउ-जित्सू, कुस्ती. आणि ज्यांना दोन्ही नको त्यांनी लाजायचं कारण नाही, कोल्हापूरकडचे मर्दानी खेळ आहेत, लाठी आहे, पट्टा आहे, केरळचं कलरीपायट्टू आहे. वडकराच्या मीनाक्षी अम्मांना २०१७ ला पद्मश्री मिळाली तेव्हा त्या सत्तरी ओलांडलेल्या होत्या आणि तलवार घेऊन शिकवत होत्या. त्यांना कोणी कुठल्या मॉर्फमध्ये बसवलं असतं कोण जाणे.

आता तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलेलं वाक्य. उंची, वजन, थायरॉइड, टेस्ट, सर, भाऊ, मैत्रीण यावर तुम्ही भरपूर लिहिलंत आणि कुस्तीवर दोन ओळी, त्याही “जमण्यातलं नाही” म्हणून मिटवून टाकलेल्या. पण अख्ख्या पत्रात तुम्हाला काहीतरी *आवडतं* असं फक्त तिथेच दिसलं. कोण पट काढणार ते आधी कळायचं म्हणता, ते कळायला समोरच्याच्या खांद्याचा झोक, पायाची जागा, वजन कुठे गेलंय हे सगळं वाचावं लागतं, आणि तुम्ही ते लहानपणी जत्रेत बसून आपोआप शिकलात. लोक क्लासला पैसे भरून वर्ष वर्ष हे शिकतात. बायकांची कुस्ती २००४ पासून ऑलिंपिकमध्ये आहे, साक्षी मलिकने २०१६ ला रिओत ब्राँझ आणलं, महिला महाराष्ट्र केसरी पण सुरू झाली, तेव्हा हे बायकांचं नाहीच असं काही राहिलेलं नाही. आणि अंगापिंडाचंच म्हणाल तर आपले गोळेश्वरचे खाशाबा जाधव, १९५२ च्या हेलसिंकीत ब्राँझ, ते काय धिप्पाड होते? छोट्या चणीमुळे तर त्यांना ‘पॉकेट डायनॅमो’ म्हणायचे.

हां, प्रॅक्टिकल बोलायचं तर ३६ वर्षांच्या नोकरी करणाऱ्या बाईला संध्याकाळी सातला नव्याने कुस्ती शिकवणारी तालीम घराजवळ मिळणं अवघड आहे, तालमींचा सगळा घाट पहाटेच्या मेहनतीचा आणि पोरवयातल्या पैलवानांचा. म्हणून कुस्तीची जवळची नातेवाईक बघा, ज्युदो किंवा जिउ-जित्सू. दोघांत तुमच्यासाठी फरक काय ते सांगते. ज्युदोचा भर उभ्याने टाकण्यावर, म्हणजे पडणं जास्त, त्यामुळे पहिले काही आठवडे तुम्ही फक्त पडायला शिकणार, आणि ते घाईत उरकणाऱ्या क्लासपासून लांब राहायचं कारण ७२ किलो जमिनीवर आदळले की मनगट नाहीतर खांदा जातो. आणि तुमच्या आवडत्या पटाचं म्हणाल तर वाईट बातमी, २०१० पासून ज्युदोच्या स्पर्धेत थेट पायाला हात घालण्यावर बंधनं आली आणि पुढे ते पूर्णच बंद झालं. कानोंचा तो काता-गुरुमासुद्धा मूळ रूपात आता स्पर्धेत चालत नाही, काय बोलणार! जिउ-जित्सूत पट चालतो, सगळी लढत बहुतेक जमिनीवर, आदळणं कमी, गुडघ्याला उभ्याने होणारे झटके कमी (गुडघा पिळण्याचे धोके तिथेही आहेत, ते नाहीत असं समजू नका). आणि वर बसून दाबून ठेवायचं असेल तर तुमचे ७२ किलो, ज्यांची तुम्हाला एवढी लाज वाटतेय ते, मॅटवर अचानक उपयोगाचे होतात. भाऊ बरोबर बोलला, फक्त त्याने कारण सांगितलं नाही.

अडचणी दोन. एक म्हणजे फी, शहरात जिउ-जित्सूचे क्लास कराटेपेक्षा बऱ्यापैकी महाग पडतात. दुसरी तुम्ही लिहिली नाहीत पण मी विचारते, पुरुषांबरोबर जमिनीवर झटापट करायला तुम्हाला चालेल का? घरच्यांना चालेल का हा पुढचा प्रश्न, आधी तुम्हाला. संकोच वाटत असेल तर बायकांची वेगळी बॅच आहे का विचारा, किंवा पहिले काही महिने पार्टनर बाईच मिळेल का ते विचारा, चांगला कोच याचं साधं सरळ उत्तर देतो. जो म्हणतो “इथे स्त्री-पुरुष असं काही नसतं, सगळे सारखे” आणि विषय बंद करतो, त्याच्याकडे जरा सांभाळून.

आता तुमचे तीन गोल. वजनाचं आधी मिटवते. कुठलंही मार्शल आर्ट एकट्याने वजन उतरवत नाही, तासभर घाम काढून भूक कडकडून लागते आणि स्टेशनबाहेर वडापाव उभाच असतो. वजन जेवणावर आणि थायरॉइड कंट्रोलमध्ये आहे की नाही त्यावर जास्त अवलंबून, तेव्हा क्लास सुरू करायच्या आधी टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) करून डॉक्टरांशी बोला. पण दम वाढणं, पाठ-मांड्या मजबूत होणं, जिना चढताना धाप न लागणं हे कुठल्याही क्लासने होईल, आणि तेच लोक टिकतात ज्यांना तो क्लास आवडतो. आवडीला मी एवढं महत्त्व देतेय ते त्यासाठीच.

ट्रेनमधलं. गर्दीत कोणी कोपर लावतो तेव्हा ना किक मारायला जागा असते ना खांद्यावरून टाकायला, तिथे मोठा आवाज, त्याचा हात धरून सगळ्यांना दिसेल असा वर करणं, आणि रेल्वेचा १३९ नंबर (बाकी कुठेही ११२), हे पहिलं हत्यार. क्लासमधून जे मिळतं ते वेगळं. कोणी मनगट, केस, गळा पकडला तर अंग गोठून जात नाही, कारण तुम्हाला पकडलं जाण्याची सवय झालेली असते. म्हणून मी प्रत्येकाला एकच विचारायला सांगते, इथे समोरचा पार्टनर खरोखर विरोध करतो का? क्राव मागा हे इस्रायली सैन्यातून आलेलं, त्यात काही कोच खूप चांगलं घेतात, दमवून, ढकलून, घाबरवून सराव करतात. पण बरेच ठिकाणी दोन दिवसांचं वर्कशॉप असतं, पार्टनर हात पकडून पुतळ्यासारखा उभा राहतो आणि तुम्ही सोडवलात की सगळे टाळ्या वाजवतात. त्यातून मिळणारा कॉन्फिडन्स नसलेला बरा. मैत्रिणीला विचारा तिचं कुठल्या प्रकारचं आहे.

तिसरा गोल कॉन्फिडन्स, तो येईल, त्याच्यामागे लागू नका.

शरीराच्या ज्या गोष्टी खरंच बघायला हव्यात त्या कुठल्याच टेस्टमध्ये नसतात. गुडघा हा पहिला. जिना *उतरताना* दुखतो म्हणताय, बऱ्याचदा त्यात मांडीचे स्नायू कमजोर असण्याचा भाग असतो, ऑर्थो किंवा फिजिओला दाखवून आधी सहा-आठ आठवडे मांडीचे व्यायाम करा, आणि क्लासमध्ये वज्रासनासारखं बसवतात तिथे “मी मांडी घालून बसते” एवढं स्पष्ट सांगा. आणि एक विषय ज्यावर आपल्याकडे कोणी बोलत नाही, बाळंतपणानंतर उडी मारली, दोरी खेळली की लघवीचे थेंब गळणं. अनेक बायका त्यामुळे दोन दिवसांत क्लास सोडतात आणि कारण सांगतात वेळ नाही. त्याचे पेल्विक फ्लोअरचे (ओटीपोटाच्या तळच्या स्नायूंचे) व्यायाम असतात, फिजिओ शिकवतात, फरक पडतो. वयाची चिंता सोडा, ज्युदोत तिशीपासून व्हेटरन गट सुरू होतो, म्हणजे तुम्ही तिथे अजून ज्युनियरच.

मुलीचं. तायक्वांदोत तिच्या लांब पायांचा फायदा होईल हे खरं, ते वर म्हटलंच. पण ती ११ वर्षांची आहे. पुढच्या तीन-चार वर्षांत तिची उंची, वजन, कंबर, खांदे सगळं बदलणार, आज दिलेल्या मापावर तेव्हाचं ब्लाउज शिवायला टाकण्यातला प्रकार आहे हा. आणि तुमच्या पत्रात तिला काय हवंय ते कुठेच नाही! तिला दोन-तीन क्लास दाखवा, तिला ठरवू द्या, आणि नंतर बदललं तरी वाया काही जात नाही, लवलिना बोर्गोहाइन आधी मुए थाई करायची, मग बॉक्सिंगला आली आणि टोकियोत ब्राँझ घेऊन आली. फक्त दोन गोष्टींवर लक्ष ठेवा, एवढ्या वयात डोक्यावर जोरात मारामारीचं स्पारिंग करून घेणारा क्लास नको, आणि दर तीन महिन्यांनी नवीन बेल्ट आणि नवीन परीक्षा फी असं चालू असेल तर ते दुकान आहे.

बाकी वाचकांपैकी ज्यांची पोरं ‘बारीक आहे म्हणून मार खाईल’ या भीतीने घरी बसवलीत, किंवा शंभर किलोचे दादा ज्यांना वाटतं आधी वजन उतरवू मग क्लास लावू, त्यांनाही हेच सांगेन, आधी नका उतरवू, या. मोठ्या वजनाच्या माणसाने उड्या आणि धावणं सुरुवातीला कमी ठेवावं, पंचिंग बॅगवर काम आणि जमिनीवरचं ग्रॅपलिंग (धरपकड) जास्त करावं, बस. पन्नाशीपुढच्यांनी स्पारिंगचा हट्ट न धरता काता (ठरलेल्या हालचालींचा एकट्याने सराव), लाठी किंवा ताई ची (चीनची संथ हालचालींची कला) बघावं, तोल सुधारतो आणि पडण्याची भीती कमी होते.

तर ताई, या शनिवारी असं करा. घर किंवा स्टेशनपासून चालत जाता येईल असे दोन-तीन क्लास शोधा, लांबचा कितीही भारी असला तरी पावसाळ्यात तुम्ही जाणार नाही. कपडे न बदलता नुसतं बाजूला बसून एक अख्खी बॅच बघा. नवीन माणसाशी जुने कसे वागतात, कोणी हार मानून थाप मारली की समोरचा लगेच सोडतो का, कोणाला लागलं तर सर थांबतात की ओरडतात, तिशीच्या वरच्या बायका किती दिसतात. मग एक ट्रायल घ्या. दुसऱ्या दिवशी अंग दुखणारच, ते बघू नका, परत जावंसं वाटतंय का ते बघा. ज्युदो आणि जिउ-जित्सू दोन्ही करून बघा, कराटे पण बघायचं असेल तर वेगळ्या सरांकडे. वर्षाची फी एकदम भरली तर डिस्काउंट देतो म्हणतील, नाही म्हणा आणि महिन्याची भरा, ड्रेस पण महिनाभर थांबून घ्या, तोवर जुना टी-शर्ट आणि ट्रॅकपँट चालते.